तिसरी विचारपूस

तुळशीदास गुरुजींच्या घरी रविवारची सकाळ म्हणजे शुद्धलेखनाची सकाळ. निवृत्त होऊन वर्षं लोटली, शाळा सुटली, पण हातातलं लाल पेन काही सुटलं नव्हतं. जव्हारच्या त्या घरात वाण्याकडून आलेल्या पुडीचा कागदसुद्धा ऱ्हस्व-दीर्घ तपासल्याशिवाय चुलीत जात नसे. त्या रविवारी लाल पेनाखाली सापडले होते ते त्यांच्याच मुलीचे, हर्षदाचे, कागद.

ही गोष्ट दोन हजार सहा-सातच्या सुमाराची. हर्षदा ठाण्याच्या एका कंपनीत नोकरीला होती. बोटाने पडदा दाबला की चालणारी यंत्रं ही कंपनी बनवायची. कुठे बँकेत, कुठे वीजबिलाच्या कचेरीत ती उभी असत. त्यांच्या पडद्यांवर मराठीतून काय विचारायचं आणि कुठल्या बटणाला काय म्हणायचं, हे हर्षदा लिहायची. "बटणांवर लिहायचं हे काय काम झालं?" असं शेजारणी विचारत. आई भाकरी थापता थापता ठसक्यात उत्तर देई, "आमची पोर कॉम्प्युटरला बोलायला शिकवते."

आता कंपनीने नवं यंत्र केलं होतं, पाड्यांची गाऱ्हाणी ऐकणारं. त्यातलं एक सूर्यमाळच्या बाजूला एका ग्रामपंचायतीत बसणार होतं. तिथून वर चढून गेलं की एक पाडा होता आणि त्या पाड्यावर गुरुजींची सख्खी बहीण माघी राहत होती. भाऊ शिकून खाली उतरला, मास्तर झाला. बहीण डोंगरावर नाचणी पेरत राहिली.

होळी झाली की तिथल्या विहिरी तळाला जात. मग बायका रिकामे हंडे घेऊन तालुक्याच्या कचेरीत जाऊन बसत आणि टँकरचं कबूल करून घेतल्याशिवाय उठत नसत. यंदापासून कचेरीने सांगितलं होतं की इथे येऊन गोंधळ घालू नका, आठवड्यातून एकदा यंत्राला सांगा. यंत्र म्हणेल तसा टँकर येईल. म्हणजे पडद्यावरच्या प्रश्नाला पाड्याकडून जे उत्तर जाईल, त्यावर पाड्याचं पाणी ठरणार होतं.

"'तुमच्या पाड्यात टँकर आला का?' ही काय भाषा झाली?" गुरुजींनी सगळ्या ओळीवर लाल रेघ मारली. "सरकारी कामाला जाणार हे. भाषेचा काही आब राखायचा की नाही?" आणि वर सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं, 'आपल्या वस्तीस पाणीपुरवठा नियमितपणे होत आहे काय?'

"बाबा, हे आत्याला वाचायचंय."

"मग? माघीला अक्षरं मीच गिरवायला लावली होती. वाचेल ती. सोपं सोपं देत राहिलात तर ती माणसं वर कधी येणार?"

पुढच्या पानावर गुरुजी पुन्हा थांबले. तिथे लिहिलं होतं, 'खरंच सगळं बरं आहे? काही सांगायचं राहिलं का?' आणि त्याच्याही पुढे, 'बसा, घाई नाही. पाण्याचं काय ते सांगा.'

"एकच गोष्ट तीनतीनदा विचारतेस? यंत्राला विसराळूपणाचा रोग आहे की काय?" गुरुजी आपल्याच विनोदावर मनापासून हसले.

खरं तर त्यांनी हसायला नको होतं. त्यांना कारण माहीत होतं, कारण ते माघीबरोबर पाड्यावरच्याच चुलीपाशी वाढले होते.

त्या पाड्यावर एक रीत होती. कोणी दाराशी येऊन "बरा हाय का?" म्हणून विचारलं, तर घरात काहीही होवो, "बरा हाय" असंच म्हणायचं. आलेल्या माणसाने अजून पाणीही प्यायलेलं नसतं; त्याच्या अंगावर आपलं दुःख फेकायचं नसतं. मग तो ओट्यावर टेकतो आणि पुन्हा विचारतो. तेव्हाही "बराच हाय म्हनायचा." शेवटी तो आत येऊन चुलीपाशी बसतो, हात शेकतो आणि सहज तिसऱ्यांदा विचारतो. तेव्हा त्याला सांगायचं की पोराला ताप आहे, भात संपलाय, विहीर आटलीय. माघी म्हणायची, "पैली विचारपूस दाराची, दुसरी ओट्याची, तिसरी चुलीची. दुख चुलीवर शिजतं, दारात नाय."

शहाणी माणसं याला भिडस्तपणा म्हणतील, जास्त शहाणी अडाणीपणा म्हणतील. हर्षदा लहानपणी सुट्टीत तिथे जाऊन राहिली होती. ज्याला ऐकायचं आहे तो तीनदा विचारतोच आणि जो एकदा विचारून चालू लागतो त्याला मुळात ऐकायचंच नसतं, एवढा साधा हिशेब त्या रीतीत होता. म्हणून तिने पडदेही तीन केले होते.

कंपनीतले सबनीस साहेब वाईट माणूस नव्हते. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण अशा गोष्टींत वाचकाला एक दुष्ट माणूस लागतो आणि तो सापडला की बाकीचे आपण सुटतो. सबनीस मुलींना वेळेवर घरी पाठवत, कोणाचं दुखलंखुपलं तर स्वतः चौकशी करत. त्यांनी कागद पाहिले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "हर्षदा, आपल्या सगळ्या यंत्रांवर एका कामाला एकच शब्द, ही पद्धत कोणी आणली?"

"मी, सर."

आणि ते खरंच होतं. ती आली तेव्हा एका यंत्रावर 'पुढे' होतं, दुसऱ्यावर 'सादर करा', तिसऱ्यावर 'अग्रेषित करा'. तिन्ही बटणं एकच काम करत आणि माणसं प्रत्येकापुढे नव्याने अडखळत. तिने भांडून सगळीकडे 'पुढे' करून घेतलं होतं. तेव्हा सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं.

"मग आता तूच ती मोडतेस? बँकेचं यंत्र एकदा विचारतं, बिलाचं एकदा विचारतं आणि हे तीनदा? एक प्रश्न, हिरवं 'होय', लाल 'नाही', शेवटी आपलं नेहमीचं वाक्य. सगळीकडे सारखं."

"सर, ती माणसं बँकेतली नाहीत. पहिल्यांदा विचारल्यावर ती खरं सांगणारच नाहीत. आपण एकदा पाड्यावर जाऊन वापरून बघू या."

"वापरून बघितलं की. ऑफिसातल्या शिपायापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांनी दाबलं. कोणी अडलं नाही."

तिचीच पद्धत तिच्यावर उलटली होती; आपलेच दात, आपलेच ओठ. त्यात कचेरीच्या साहेबांनी कागदावरचं गुरुजींचं लाल शाईतलं वाक्य वाचून, "वा! ही खरी मराठी," अशी पावती दिली. ती पावती जव्हारला पोचली, तेव्हा गुरुजींनी गल्लीत पेढे वाटले. तीन पडद्यांचा एक पडदा झाला आणि हर्षदाने मान खाली घालून 'ठीक आहे' म्हटलं.

मनाला तिने एक समजूत घातली होती, की आत्याला आपण जाऊन सांगू. पाड्याने यंत्राशी बोलायला माघीलाच नेमलं होतं. गुरुजींची बहीण, अक्षर ओळखणारी. तिच्याइतकं योग्य कोण होतं? होळीला हर्षदा घरी आली, तशी वेळ काढून वर गेली. पण बोलण्याबोलण्यात उशीर झाला आणि परतीच्या एसटीची वेळ झाली. पिशवी खांद्याला लावून, दारातच उभी राहून तिने आत्याला सांगितलं, "टँकर नाही आला, तर लाल बटण दाब. 'नाही' म्हण. घाबरू नको."

"साहेबाला तोंडावर नाय म्हनू?" माघी पदराआड हसली.

"यंत्रच आहे ते, आत्या. दाबशील ना?"

"हां, दाबीन."

खालून एसटीचा भोंगा ऐकू आला. हर्षदा उतार उतरत पळाली. दारात मिळालेलं 'हां' तिने खरं मानलं. जिने तिसऱ्या विचारपुशीसाठी भांडण केलं होतं, तीही त्या दिवशी एकदाच विचारून निघून गेली.

पुढचं सगळं तिला मागाहून ग्रामसेवकाकडून कळलं.

यंत्राच्या दिवशी माघी आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून खाली यायची. बायका बाहेर ओट्यावर बसायच्या. पडदा उजळला की ती आधी त्याला नमस्कार करायची. मग बोट ठेवून एकेक शब्द लावायची. 'नियमितपणे'शी तिची झटापट व्हायची, पण पाण्याचं विचारतायत एवढं तिला पुरतं कळायचं. ती हिरवं बटण दाबायची आणि जमिनीवर मांडी घालून बसायची. आता साहेब दुसऱ्यांदा विचारेल.

पडद्यावर अक्षरं यायची, 'आपला व्यवहार पूर्ण झाला आहे. धन्यवाद.' आणि पडदा काळा व्हायचा.

"चला माघीबाई, झालं," ग्रामसेवक म्हणायचा.

"अजून इचारला नाय त्याने."

"तो एकदाच विचारतो."

"कामाचा मानूस हाय. ईसरला असंल. पुढल्या खेपेला इचारील."

बायकांनी विचारलं की ती सांगायची, "ऐकून घेतलाय. येल टँकर." पुढल्या खेपेला पुन्हा तेच. ती वाट पाहत होती आणि कचेरीत, या पाड्याला पाणी नीट मिळतंय, अशी नोंद एकामागून एक जमा होत होती. टँकर दुसरीकडे वळला. कोणी चोरला नाही, कोणी लाच खाल्ली नाही. सगळं अगदी रीतसर झालं.

चैत्र संपत आला तशा बायका हंडे घेऊन कचेरीत गेल्या. तिथल्या बाबूने शांतपणे सांगितलं, "तुमच्याच माघीबाईंनी दर खेपेला 'होय' सांगितलंय. आता आम्ही काय करणार?"

वाटेत कोणी माघीला बोललं नाही. पाड्यावर पोचल्यावर शेजारची, लाडकी नावाची, बाई तेवढी म्हणाली, "माघी, आता 'नाय' दाब गं. आमच्यासाठी दाब."

आणि माघीने ते केलं. हेही सांगायलाच हवं, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की ती बाई घाबरट होती. तिने लाल बटण दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा ती साहेबाला तोंडावर 'नाही' म्हणाली. पडद्यावर नवा प्रश्न आला, 'आपली खात्री आहे काय?'

हे वाक्य बँकेच्या यंत्रावरून जसंच्या तसं आलं होतं. होय म्हणणाऱ्याला यंत्र पुन्हा विचारत नसे. नाही म्हणणाऱ्याला मात्र दरडावल्यासारखं दुसऱ्यांदा विचारी. गुरुजींच्या वर्गातही असंच होतं. वर झालेल्या हाताकडे बघून गुरुजी चष्म्यावरून म्हणायचे, "खात्री आहे काय?" आणि पोरांचे हात हळूच खाली यायचे. माघी त्यांच्या हाताखाली पाटीवर शिकली होती. साहेब रागावला असं तिला वाटलं. एवढ्या मोठ्या माणसापुढे आपली कसली खात्री? तिने खरं तेच सांगितलं आणि 'नाही' दाबलं. तिची तक्रार पुसली गेली, आधीची 'होय' तशीच राहिली आणि पडद्याने तिचे आभार मानले.

त्याच आठवड्यात माघीची सून पुष्पा विहिरीत उतरली. विहिरीला पायऱ्या नव्हत्या. दगडांच्या खाचांत बोटं रोवत बायका तळापर्यंत जायच्या, झऱ्याशी बसून वाटीवाटीने पाणी गोळा करायच्या आणि हंडा वरच्या बाईला ओढून घ्यायला सांगायच्या. पुष्पाने दोन हंडे वर पाठवले. तिसरा भरून ती वर येत असताना दगड निसटला. वरून लाडकीने आरोळी मारली. खालून काहीच आलं नाही. पुष्पाचा नवरा सोम्या भिवंडीकडे बांधकामावर होता. तो येईपर्यंत तिला ओट्यावर ठेवली होती आणि तिला आंघोळ घालायला पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न पाड्यापुढे होता.

हर्षदा आणि गुरुजी पोचले तेव्हा माघी कुडाला टेकून बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. गुरुजी तिच्यासमोर टेकले. मास्तरकीची आयुष्यभराची सवय; तोंडातून निघून गेलं, "माघे, अगं नीट वाचून तरी दाबायचं."

माघीने भावाकडे पाहिलं. "वाचला, दादा. तूच लिवला ना? हरसदा सांगत होती. लई चांगला लिवलाय. एकपन चूक नव्हती."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. भावाचं तिला आजही कौतुकच होतं. गुरुजींनी मान फिरवली आणि उपरण्यात तोंड खुपसून ते लहान पोरासारखे रडले. त्या दिवसानंतर जव्हारच्या घरात लाल पेन दिसलं नाही. पण त्याने काय झालं? पुष्पा गेली ती गेलीच.

पाठोपाठ टँकर आला. फोटो निघाला, पेपरात छापून आला. पावसाची चाहूल लागेपर्यंत दोन-चार खेपा झाल्या आणि मग सगळं पुन्हा यंत्रावर सोपवलं गेलं.

हर्षदा ठाण्याला परतली, ती सरळ सबनीस साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. तिने सगळं सांगितलं. सबनीसांचा चेहरा उतरला. त्यांनी तिला पाणी दिलं, बसवलं, खरोखर हळहळले. मग म्हणाले, "वाईट झालं गं. पण एक पाडा म्हणजे सगळा जिल्हा नव्हे. एकूण लोक फार समाधानी आहेत. बहुतेकांनी 'होय' म्हटलंय. कचेरीला इतकं आवडलंय की आणखी तालुक्यांत हीच यंत्रं बसवायची आहेत."

"बहुतेकांनी 'होय' म्हटलंय, हीच तर भीती आहे, सर! निदान ते खात्रीचं वाक्य काढा. पुन्हा एकदा विचारा. टँकर आला का, एवढंच विचारा."

"मंजूर झालेला मजकूर आहे. एका ठिकाणी बदलला की सगळीकडे बदलावा लागेल."

"मग नव्या तालुक्यांचं काम मी करणार नाही," हर्षदा म्हणाली.

सबनीसांनी चष्मा काढून पुसला. "नको करूस," ते मायेने म्हणाले. "तसंही त्यात करण्यासारखं काही नाही. मजकूर तयारच आहे."

तिने नोकरी सोडली. तिच्या जागी दुसरा माणूस आला, त्याला एक अक्षरही नव्याने लिहावं लागलं नाही. तिने कचेरीत अर्ज दिले, वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली. एका वर्तमानपत्राने पत्र छापलं, पण 'यंत्रयुगातील गमती' या सदरात.

वाचकहो, आपणही रोज कोणाला तरी विचारतो. कामवाल्या बाईला, गावाकडून आलेल्या भावाला, सासरी गेलेल्या लेकीला आपण दारातूनच "बरं आहे ना?" म्हणतो आणि 'हो' ऐकलं की सुटल्यासारखे पुढे जातो. त्या यंत्रात आपलंच मन बसवलेलं होतं. वेगळं काही नव्हतं. यंत्राला दोष देऊन झाला असेल, तर आपण शेवटचं तिसऱ्यांदा कोणाला विचारलं होतं, हे जरा आठवून बघावं.

पावसाळा सरल्यावर हर्षदा पुन्हा पाड्यावर गेली. या वेळी एसटी पकडायची नव्हती. ती राहायलाच आली होती. चुलीपाशी बसून ऐकायचं आणि पाड्याचं गाऱ्हाणं पाड्याच्याच शब्दांत लिहून जमेल तिथे भांडायचं, असं तिने मनाशी धरलं होतं. पण सुरुवात आत्यापासून करायची होती. सोम्या पुन्हा कामावर गेला होता. माघी एकटीच दारात नाचणी पाखडत होती.

"बरा हाय का, आत्या?" हर्षदाने दारात विचारलं.

"बरा हाय."

हर्षदा ओट्यावर टेकली. माघीने तिला तांब्या आणून दिला. पाणी पिऊन तिने पुन्हा विचारलं, "बरा हाय ना?"

"बराच हाय."

मग दोघी आत गेल्या. माघीने चूल फुंकली. हर्षदा तिच्या अगदी जवळ बसली, हात शेकले आणि घाई न करता, रीतीप्रमाणे, तिसऱ्यांदा विचारलं, "आत्या, कसा हाय गं सगला?"

माघी बराच वेळ जाळाकडे बघत राहिली. हर्षदा थांबली. तिची दिवसभर थांबायची तयारी होती.

"बरा हाय," माघी म्हणाली. तिने एक लाकूड आत सारलं आणि भाचीकडे न बघताच विचारलं, "झाला ना तुजा काम?"